निर्णय कोणी घेतला

आल्मुटमावशीने महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं, की जेवण ती करील, पण सोहळ्याला सभागृहात येणार नाही. मावशीने एकदा दिलेला शब्द फिरवल्याचं पेट्सोल्डांच्या घरात कोणाला आठवत नव्हतं. त्यामुळे तिची समजूत काढायला कोणी गेलंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी श्टेंडालची बस ब्राम्बेकच्या चौकात थांबली आणि वेंके पिशवी पाठीला मारून सरळ मावशीकडे गेली. मावशी मागच्या अंगणात बसली होती. पायाशी पांढऱ्या शतावरीच्या दोन पेट्या, मांडीवर जुनं वर्तमानपत्र, आणि हात असा चाललेला की एका कोंबाची साल कागदावर पडते न पडते तोच दुसरा कोंब हातात. वेंकेने स्वयंपाकघरातून दुसरी सुरी आणली आणि समोरच्या बाकावर बसली.

"वरून खाली सोल," मावशी म्हणाली. "आमदार झालीस म्हणून शतावरी उलटी सोलायची नसते."

"सात महिन्यांत तिथे सगळ्यांनी मलाच सोललंय. पहिल्या भाषणात अध्यक्षांचं नाव घ्यायला विसरले, तर अर्धं सभागृह हसलं."

"बघितलं मी ते. कानापर्यंत लाल झाली होतीस."

उद्या फ्रीडाची तारुण्यदीक्षा होती. फ्रीडा म्हणजे मावशीची नात, फाल्कोची मुलगी. चौदावं सरलं की इथे मुलांना नवे कपडे घालून मंचावर बोलावतात, हातात फूल आणि पुस्तक देतात, आणि आजपासून तुम्ही मोठ्या माणसांत, असं कोणीतरी त्यांना सांगतं. देवाचं नाव त्यात येत नाही. जुन्या साम्यवादी राजवटीने चर्चला शह द्यायला हा सोहळा उचलून धरला होता. राजवट गेली, सोहळा राहिला. यंदा मुलांना मोठ्यांत बोलावण्याचं भाषण वेंकेला सांगितलं होतं, कारण ब्राम्बेकमधून आजवर कोणी विधानसभेत गेलं नव्हतं.

ती गेली तीही अपघातानेच. पाच वर्षं तिने रुग्णवाहिकेवर काम केलं. ब्राम्बेकचं रुग्णवाहिका केंद्र हलवायचं ठरलं तेव्हा ती दारोदार सह्या गोळा करत हिंडली. केंद्र वाचलं, आणि डाव्या पक्षाने तिला उमेदवारांच्या यादीत अकराव्या जागी टाकलं. दहा येतील असा सगळ्यांचा अंदाज होता. अकरा आले. सत्ताविसाव्या वर्षी वेंके ल्युडेके माग्डेबुर्गला, राज्याच्या राजधानीत, मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि तीही त्या जुन्या राजवटीचा वारसा ज्यांच्याकडे आला त्या पक्षाच्या बाकावर. दारं ठोठावताना दर पाचव्या दारात तिला हे ऐकावं लागायचं. तुझा जन्म नंतरचा गं पोरी, पण घराणं तेच ना, असं.

आणि मावशीने चौदाव्या वर्षी हीच दीक्षा नाकारली होती. साल एकोणीसशे ऐंशी. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला शिकत होती, तिथल्या मुलांत रमली होती, आणि तिने दीक्षेऐवजी चर्चमधलं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा तिथला विधी, घेतलं. वर्गात पहिली यायची. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. पण विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेत तिला घेतलं नाही. मग चौतीस वर्षं ती गोठ्यागोठ्यांतून दुधाचे नमुने गोळा करत फिरली. गायीचं तिच्याइतकं कोणाला कळत नाही, असं गोठेवालेच म्हणायचे. पण औषधाच्या चिठ्ठीवर सही दुसऱ्याची लागायची.

"भाषण लिहिलंस?" मावशीने विचारलं.

"चार वेळा. चारही वेळा पक्षाच्या कचेरीत लिहिल्यासारखं झालंय."

"मग पाचव्यांदा लिही. आणि बुधवारी काय करणार आहात तुम्ही लोक?"

वेंकेची सुरी थांबली. बुधवारी विधानसभेत ठराव येणार होता: त्या काळात ज्यांचं शिक्षण असं तोडलं गेलं, त्यांच्यासाठी राज्याने मदतनिधी उभारावा. ठराव समोरच्या बाकांवरून आला होता. मावशी ते पेपरात वाचल्याशिवाय कशी राहील.

"आमचा गट तटस्थ राहणार आहे," वेंके म्हणाली.

"तटस्थ. छान शब्द आहे. दोन्ही हात खिशात."

"मावशी, तुझा अर्ज होता ना त्या कार्यालयात? छळ झालेली विद्यार्थिनी म्हणून नोंद व्हावी म्हणून?"

"दोनदा परत आला. शाळेने का नाकारलं त्याचा पुरावा दाखवा म्हणतात. शाळेचे कागद नव्वद साली तळघरात पाणी शिरून गेले. ज्याने कागद लिहिला त्याने लिहून दिलं तर चालेल, असं तिथल्या बाईने सांगितलं. भली बाई होती."

"मग जिल्ह्याच्या कार्यालयातलं कोणी हयात असेल तर—"

मावशीने मान वर केली. "इनेसने काय सांगितलंय तुला? कोणी नाकारलं मला?"

"आई म्हणते, तेव्हाच्या व्यवस्थेने."

"हं." मावशीने सुरी कागदावर ठेवली. "शाळेचे मुख्याध्यापक कोण होते?"

आजोबा मुख्याध्यापक होते हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. त्यांनीच तिला वाचायला शिकवलं होतं, पोटातून आवाज काढून बोलायला शिकवलं होतं. जगात कोणी कोणाच्या मानेवर बसू नये, हेही तिने पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. दोन आणि दोन तिने कधी एकत्र मांडलेच नव्हते, किंवा मांडायचे टाळले होते.

"शिफारसपत्र मुख्याध्यापकच लिहायचे," मावशी म्हणाली. "बाबांनी ते घरी आणलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, बाहेरून कळण्यापेक्षा आधी तूच वाच. प्रामाणिक माणूस. विद्यार्थिनी हुशार आहे, मात्र समाजाशी तिची बांधिलकी पक्की नसल्यामुळे शिफारस करता येत नाही. शब्द न् शब्द पाठ आहे मला. मी वाचलं, घडी घातली, परत दिलं. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललेलो नाही. पंचेचाळीस वर्षं दर रविवारी कॉफी मात्र एकत्र पितो."

"तू त्यांच्याकडे ते पत्र का मागत नाहीस?"

"मी मागणार नाही. अर्ज परत आलाय हे त्यांना माहीत आहे." तिने पुन्हा सुरी उचलली. "आणि तू एक कबूल कर. उद्याच्या भाषणात माझी गोष्ट सांगायची नाही. मतं हवी असली की समोरचे मला बाहेर काढतात, आता तुम्ही काढाल. मी कोणाच्या भाषणातला दाखला नाही."

"नाही सांगणार," वेंके म्हणाली. "शब्द देते."

* * *

आजोबा जुन्या शाळेच्या समोरच पहिल्या मजल्यावर राहत, आणि वेंकेची आई इनेस त्यांच्याबरोबर. वेंके पोचली तेव्हा इस्त्री केलेला सदरा खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता, आणि सत्त्याऐंशी वर्षांचे ओटमार पेट्सोल्ड बूट पुसत बसले होते.

"बावीस वर्षं मी हे भाषण केलंय त्याच मंचावर," ते म्हणाले. "आता नात करणार. आण बघू कागद, व्याकरण तपासतो."

"आजोबा, मावशीचं पत्र तुम्ही लिहिलं होतंत?"

बुटावरचं फडकं थांबलं नाही, पण हळू झालं. इनेस बेसिनपाशी उभी होती. ती वळली. "वेंके, आजच काढायचं होतं का हे?"

"मला आजच कळलं, आई."

"तेव्हा तसे नियम होते," आजोबा म्हणाले. "वरून आकडे यायचे. इतक्या जागा, इतकी मुलं, असे असे निकष. त्या चौकटीत निर्णय घेतले जायचे. तू विधानसभेत आहेस, तुला कळायला हवं."

"कळतं. म्हणूनच विचारतेय. तिला दोन ओळी लिहून द्याल? की असं असं झालं म्हणून?"

"आणि मग? पेपरात छापतील, पेट्सोल्ड मुख्याध्यापकाने स्वतःच्या मुलीला बुडवलं. ज्या शाळेत मी एकतीस वर्षं पोरं शिकवली तिथून रोज जायचंय मला पाव आणायला." त्यांनी बूट खाली ठेवले, एकाशेजारी एक, टाचा जुळवून. "तिने कधी मागितलं नाही."

"ती मागणार नाही."

"मग तू का मागतेस?"

वेंकेने कागद पिशवीतून काढलाच नाही. ती जिना उतरू लागली तशी इनेस तिच्या मागे आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"तू त्यांना एकाच बाजूने बघतेस," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्या वर्षी चर्चवाल्यांची तीन मुलं होती. दोघांना त्यांनी गोड शब्दांत लिहून वर पाठवलं. तिसरी आपल्या घरची होती. तिलाही पाठवलं असतं, तर स्वतःच्या पोरीसाठी नियम वाकवले म्हणून तिघांचंही गेलं असतं. माझी आई मरताना मला हे सांगून गेली."

"मावशीला माहीत आहे?"

"बाबा सांगू देत नाहीत. मी मध्ये अडकलेय गं. इकडे बाप, तिकडे बहीण, आणि आता तू."

वेंकेने आईचा हात क्षणभर दाबला आणि खाली आली. चौकातल्या बाकावर बसून तिने गटनेत्या श्वांटबाईंना फोन लावला. श्वांटबाई राजकारणात केस पांढरे केलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या पेपरवाले असणार तिथे," त्या म्हणाल्या. "तू त्या विषयाला हात घातलास तर म्हातारे म्हणतील, पोरगी आमच्या आयुष्यावर थुंकली. समोरचे म्हणतील, पस्तीस वर्षं उशीर झाला. शाबासकी कोणी देणार नाही."

"आणि बुधवारी मी ठरावाच्या बाजूने मत दिलं तर?"

"तर मी तुला गटातून काढणार नाही. पण तीन मिनिटं बोलावं लागेल, आणि ती तुझी तुला लिहावी लागतील. त्यात मी मदत करणार नाही, माझ्याही पायावर धोंडा नको."

वेंकेने पाचवं भाषण तिथेच, त्या बाकावर, संध्याकाळच्या उन्हात लिहिलं. अर्ध्या तासात झालं. आधीच्या चारांना दोन आठवडे लागले होते.

* * *

शनिवारी गावच्या सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. एकतीस मुलं पहिल्या दोन रांगांत, मुली पहिल्यांदाच घातलेल्या उंच टाचांमुळे बेताने पावलं टाकत आलेल्या. फ्रीडाने हिरवा झगा घातला होता. त्याची उंची आजीने, म्हणजे मावशीनेच, कमी करून दिली होती. तिसऱ्या रांगेत फाल्को, इनेस, आणि टोपी गुडघ्यांवर धरून आजोबा. मावशीची खुर्ची रिकामी ठेवून उपयोग नव्हता. तिथे कोणाचातरी काका बसला होता.

वेंके मंचावर चढली. रुग्णवाहिकेवर पहिल्या दिवशी तिने जे केलं होतं तेच केलं. सगळ्यांकडे न बघता एका माणसाकडे बघितलं. फ्रीडाकडे.

"तुम्ही एकतीस जणांनी आज इथे यायचं ठरवलं," ती म्हणाली. "तुमच्या वर्गातल्या चौघांनी नाही ठरवलं. दोघं पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभे राहतील, एकीला समारंभ आवडत नाहीत, आणि एक जण, मला आतल्या गोटातून कळलंय, अजून झोपलेला आहे." मुलं हसली. "सोमवारी ते तुमच्याच शेजारच्या खुर्चीवर असतील. कुठे होतास, असं त्यांना कोणी विचारणार नाही. त्यांचे गुण तेच राहतील. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण याच सभागृहात असाच सोहळा व्हायचा, आणि जो यायचा नाही, त्याची कित्येकदा पुढची शाळा जायची. ज्या राजवटीने ते केलं, तिचा वारसा माझ्या पक्षाकडे आलाय. आमच्या माणसांनी ते केलं, आणि ते चूक होतं. हे आज मी सांगतेय, कारण ज्यांचं गेलं त्यांनीच दर वेळी उठून सांगत राहायचं, हे बरं नाही."

बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीचं दार लावलं ते आत ऐकू आलं. पलीकडच्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ उठला आणि बूट वाजवत बाहेर गेला. वेंकेने त्याला जाऊ दिलं, मग पुढे वाचलं.

"तर, मोठ्यांत तुमचं स्वागत. आमच्याकडून सगळंच शिकू नका. पण यायचं की नाही हे तुम्ही स्वतः ठरवलंत, ते मात्र सोडू नका."

टाळ्या आधी मागून आल्या, तुरळक. मग मुलांनी वाजवल्या, कारण मुलांना इतका वेळ बसून कंटाळा आला होता. मग बऱ्याच जणांनी. आजोबांनी वाजवल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात टोपीवर होते.

बाहेर पायऱ्यांवर फाल्कोने वेंकेला गाठलं. तो शांत माणूस, एल्बे नदीवरच्या फेरीबोटीवर कामाला. "वाईट बोललीस असं नाही म्हणत," तो म्हणाला. "पण पोरीला एक दिवस नुसता मिळाला असता, राजकारणाशिवाय."

"चुकलं असेल, तर माफ कर, फाल्को."

"मला काही वाटलं नाही बाबा," फ्रीडा मध्येच म्हणाली. ती टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी उभी होती. "गेल्या वर्षीच्या माणसाने सगळा वेळ पुलाबद्दल सांगितलं म्हणे. आयुष्य हा एक पूल आहे. माझी मैत्रीण अन्या तर झोपलीच होती. चला ना, भूक लागलीय."

* * *

मावशीने अक्रोडाच्या झाडाखाली दोन टेबलं जोडून वर पांढरी चादर घातली होती. आल्टमार्क भागातल्या रीतीप्रमाणे आधी लग्नाचं सूप, छोट्या मांसगोळ्यांचं, मग शतावरी, बटाटे, हॅम, वितळलेलं लोणी. वाढताना ती वेंकेपाशी आली आणि तिच्या ताटात न विचारता दोन पळ्या जास्त टाकल्या. सभागृहात काय झालं ते तिला कळलं होतं. दोन शेजारणींनी फोन करून सांगितलं होतं, एकीने रागाने, एकीने रडत.

"माझं नाव घेतलं नाहीस," ती एवढंच म्हणाली.

आजोबा येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं. सूप वाढून झाल्यावर ते फाटकातून आले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, आणि आपल्या नेहमीच्या जागी, टेबलाच्या टोकाला बसले. इनेसने त्यांच्यापुढे सुपाची वाटी सरकवली. चमचे वाजत राहिले.

"भाषण नीट बांधलेलं होतं," अखेर तेच म्हणाले. "वाक्यं छोटी, आवाज मागपर्यंत. पण तू सोपं करून सांगितलंस, वेंके. आमच्या माणसांनी केलं, असं. तेव्हा गुंतागुंत होती. समित्या असायच्या, निकष असायचे. सगळं बघून मग निर्णय घेण्यात यायचा."

"कोणी घेण्यात?" फ्रीडाने विचारलं.

"म्हणजे?"

"कोण घ्यायचं तो निर्णय? आमच्या जर्मनच्या बाई असं लिहिलं की लाल रेघ मारतात. निर्णय घेण्यात आला, खिडकी फोडण्यात आली. म्हणतात, कोणी फोडली ते लिही, खिडकी आपोआप फुटत नाही." तिने मांसगोळा तोंडात टाकला. "त्या सांगतात की त्यांना हे तुम्हीच शिकवलंत, पणजोबा. त्या तुमच्या वर्गात होत्या ना?"

फ्रीडाला यात कोणाला टोचायचं नव्हतं. तिला खरंच एवढंच आठवलं होतं. पण टेबलावर कोणाचा चमचा हलेना. फाल्कोने मुलीला गप्प करायला हात उचलला, आणि मावशीने तो हात धरून खाली ठेवला.

आजोबांनी रुमालाने तोंड पुसलं.

"मी," ते म्हणाले.

मग ताटाकडे बघत पुन्हा म्हणाले, "निर्णय मी घेतला. समितीने माझं पत्र वाचलं आणि होकार दिला. पत्र लिहायला मला कोणी बसवलं नव्हतं. पेन माझं होतं. मी इतकी वर्षं व्यवस्था व्यवस्था म्हणतोय. व्यवस्थेला हात नव्हते, आल्मुट. मला होते."

"बाबा, त्या दोघांचंही सांगा," इनेस न राहवून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सांगा ना, का लिहिलंत ते."

"नाही." ते करड्या आवाजात म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं. "ते त्या दोघांचं भलं झालं. हिचं काय झालं, याला ते उत्तर नाही."

"मला माहीत आहे त्या दोघांचं," मावशी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आईने इनेसला मरताना सांगितलं, मला आधी सांगितलं होतं. त्यातल्या एकाने माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया केली. चांगली केली." ती उभीच होती, पळी हातात. "तुम्ही काय तोललंत ते मला कळलं होतं, बाबा. तोलताना माझ्याकडे एकदा बघायला हवं होतं, एवढंच. विचारायला हवं होतं. कदाचित मीच म्हटलं असतं, द्या त्या दोघांना. मी तशी होते तेव्हा."

आजोबांनी मान वर केली. त्यांना बोलायचं होतं आणि शब्द जमत नव्हते. ज्या माणसाने सगळ्या गावाला शब्द शिकवले त्याला असं बसलेलं बघणं वेंकेला जड गेलं. काल याच माणसावर ती चिडून जिना उतरली होती. आज तिला वाटलं, उठून त्याच्या खुर्चीमागे उभं राहावं. पण ती जागची हलली नाही, कारण ते दोघांचं होतं.

"माफ कर," आजोबा म्हणाले. "आणि मी लिहून देतो. उद्याच."

मावशीने त्यांची सुपाची वाटी उचलली, निवलेलं सूप पातेल्यात परत ओतलं, गरम वाढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मग पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न बसता त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"कर्त्यासकट लिहा," ती म्हणाली. "नाहीतर ही पोरगी लाल रेघ मारील."

फ्रीडा आधी हसली. मग फाल्को.

* * *

रविवारी आजोबांनी पत्र लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. एकच पान होतं. 'मी' हा शब्द त्यात नऊ वेळा आला, असं इनेसने फोनवर सांगितलं. वाचताना तिने मोजले होते. सोमवारी सकाळी पाव आणायला ते नेहमीच्या रस्त्याने गेले, आणि पेपरात भाषणाची बातमी आलेली असतानाही पाववालीने त्यांना नेहमीसारखंच चार पाव बांधून दिले. दोन ओळखीच्यांनी मात्र पलीकडच्या फुटपाथवरून जाणं पसंत केलं. आजोबांनी त्या दोघांनाही टोपी काढून नमस्कार केला.

बुधवारी वेंके तीन मिनिटं बोलली. या वेळी अध्यक्षांचं नाव घ्यायला विसरली नाही. समोरच्या बाकांवरून एकाने टोमणा मारला की सकाळी सकाळी साक्षात्कार झाला वाटतं. तिने त्याच्याकडे बघून सांगितलं, "हो, शनिवारी झाला," आणि पुढे बोलत राहिली. मतदानाला तिच्या गटातल्या चौघांनी तिच्याबरोबर हात वर केला, बाकीचे तटस्थ राहिले. श्वांटबाई तटस्थ होत्या, पण बाहेर पडताना त्यांनी वेंकेच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेल्या. ठराव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. तो समितीकडे गेला, आणि जूनमध्ये समितीसमोर लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरलं.

गेले सात महिने वेंके रोज स्वतःला विचारत होती, की मी इथे करतेय काय. त्या दुपारी पहिल्यांदा तिला तो प्रश्न पडला नाही. ती कचेरीत येऊन बसली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"संगणकावर बघितलं," मावशी म्हणाली. "भराभर बोलतेस. आणि एक चुकलं. तू म्हणालीस, संधी मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे काय, पावसासारखी? काढून घेतली, असं म्हण."

"पुढच्या वेळी म्हणते."

"जूनमध्ये ते ऐकून घेणार आहेत म्हणे. तिथे कोण बोलतं? प्राध्यापकच ना?"

"ज्यांच्यावर बेतलं तेही बोलू शकतात. आधी नाव द्यावं लागतं." वेंके जपून बोलत होती. मावशीला तिने काहीही मागायचं नाही असं ठरवलं होतं.

पलीकडून मावशीच्या अंगणातल्या चिमण्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"मग लिही," मावशी म्हणाली. "आल्मुट राडेमाखर."

"लिहिलं."

"माहेरचं नावही घाल. पेट्सोल्ड."

"मावशी, ते नाव छापून येईल. मुलगी कोणाची ते सगळ्यांना कळेल."

"कळू दे. त्यांनी पत्रावर पूर्ण नावाने सही केलीय. मग मीही पूर्ण नावानेच येते."